आधी जेवू घाल

पद्माअक्कांशी भांडून कोणी जिंकल्याचं मला आठवत नाही, आणि गंमत म्हणजे कोणी हरल्याचंही आठवत नाही. त्यांच्याकडे तावातावाने गेलेला माणूस कॉफी पिऊन परत यायचा, आणि जिना चढता चढता त्याच्या लक्षात यायचं की अरे, आपण तासभर समोरच्याचीच वकिली करून आलो!

आमची बिल्डिंग महादेवपुऱ्यात. आजूबाजूला आयटी पार्क, खाली ऑफिसच्या कॅबची रांग, आणि लिफ्टमध्ये प्रत्येकाच्या कानात काहीतरी खुपसलेलं. आम्ही नागपूरहून इथे आलो तेव्हा सामान वर चढवताना तिसऱ्या मजल्यावरच्या दाराशी मी एक पाटी पाहिली. कन्नड, मराठी, इंग्रजी, तिन्ही भाषांत: ‘तत्त्वज्ञानाची शिकवणी. सर्व इयत्ता.’ मी तिथेच हसत सुटले. गणिताची शिकवणी समजू शकते, गिटारची समजू शकते. पण तत्त्वज्ञानाची? अन् तीही सर्व इयत्ता? बाप्पा, म्हटलं, या शहरात लोकांकडे वेळ फार दिसतो.

पाटीमुळे घोटाळेही व्हायचे. एक गृहस्थ मुलीची पत्रिका घेऊन मुहूर्त काढायला आले होते. अक्कांनी त्यांना ‘इथे ते होत नाही’ असं सांगून परत पाठवलं नाही. ‘या, येऊन बसा,’ म्हणाल्या, आणि विचारलं, ‘मुहूर्त चांगला असला की लग्न टिकतं असं तुम्हाला वाटतं, की लग्नाची धास्ती स्वल्प कमी होते?’ गृहस्थ दोन तास बसले. मुलीचं लग्न पुढे हॉल मिळाला त्या तारखेला झालं, आणि वडील दर रविवारी अक्कांच्या सतरंजीवर येऊन बसायला लागले.

अक्का अंगाने बारीक. बाराही महिने सुती साडी आणि पायात लोकरीचे मोजे. चष्मा दोरीला बांधून गळ्यात, आणि तरी तो शोधत घरभर फिरायच्या. एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. मग मुलं यायची थांबली आणि तो विषयच बंद झाला. ‘विषय बंद झाला गं,’ त्या म्हणायच्या, ‘मला कुणी बंद केलं नाही.’ घरी आल्या, पाटी रंगवून घेतली, आणि दुसऱ्या आठवड्यात शिकवायला लागल्या. त्यांचं घराणं जुन्या बंगळूरचं, मराठी, पण बोलण्यात निम्मं कन्नड. मला त्या नावाने हाक मारत नसत. ‘काय नागपूर, कॉफी घेतेस?’ म्हणायच्या. मी एकदा त्यांच्या मराठीला हसले, तर लगेच ऐकवलं, ‘आमचे लोक इथं आले तेव्हा तुमचं नागपूर नकाशावर तरी होतं काय?’

वर्ग रविवारी सकाळी. हॉलमध्ये एक मोठी सतरंजी, तिच्यावर शाळेतली पोरं, एम.ए. करणारी एक मुलगी, आयटीतली दोन-तीन माणसं, ते पत्रिकावाले गृहस्थ, सगळे एकत्र. सगळ्या इयत्तांना एकदम कसं शिकवता, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, ‘प्रश्न तेच असतात गं. मुलं ते मोठ्याने विचारतात, आणि मोठी माणसं झोप येईना की विचारतात.’

वर्गाचा नियम एकच होता, आणि तो अक्कांनी स्वतः शोधलेला नव्हता. आपल्याकडे पूर्वी पंडित वाद घालायचे, तेव्हा आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचे. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. आपलं म्हणणं त्यानंतर. अक्कांनी ते घरगुती करून टाकलं होतं. ‘समोरच्याच्या मताला आधी पोटभर जेवू घाल,’ त्या म्हणायच्या. ‘उपाशी मताला पाडण्यात कसला आलाय पराक्रम?’ म्हणजे, तुम्हाला एखाद्याचं पटत नसेल, तर आधी त्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडायची. इतकी चांगली, की त्याने स्वतः ‘सरी’ म्हटलं पाहिजे. सरी म्हणजे ‘बरोबर आहे’. इथे रिक्षावाल्यापासून साहेबापर्यंत सगळे दिवसातून पन्नासदा म्हणतात. पण अक्कांच्या सतरंजीवर ते मिळवायला लोकांना घाम फुटायचा. आणि सरी मिळाल्यावर विद्यार्थी स्वतःची बाजू मांडायला लागला, की अक्का मध्येच बोट वर करायच्या. ‘स्वल्प थांब.’ झालं! तिथून पुढे त्याची सालं निघायची. कुणाच्या स्वतःच्या बाजूला अक्का सरी म्हणाल्या, असं मी ऐकलं नव्हतं.

माझी मुलगी इरा तेव्हा चौथीत होती आणि तोंडाची अशी फटकळ, की आता कुणावर गेली ते मी सांगत नाही. तिला कुत्रा हवा होता. मी नाही म्हटलं होतं. घरात रोज महाभारत. अक्का म्हणाल्या, पाठव माझ्याकडे. महिन्याभराने एका संध्याकाळी पोरगी माझ्यासमोर मांडी घालून बसली. ‘आई, तुझं म्हणणं असं आहे. कुत्रा आणला की आठ दिवस मी त्याला फिरवेन, नंतर ते काम तुझ्याच गळ्यात पडेल. तुला ऑफिस आहे, स्वयंपाक आहे, आजीचे फोन आहेत. शिवाय तुला कुत्र्यांची भीती वाटते, आणि ते तू बाबांनासुद्धा सांगितलेलं नाहीस. बरोबर?’

खरंच कुणाला सांगितलं नव्हतं. नियमाप्रमाणे सरी म्हणावं लागलं. मग तिने स्वतःची बाजू मांडली, ती ऐकून मी पुन्हा नाही म्हटलं, कारण मी काही अक्कांची विद्यार्थिनी नव्हते. कुत्रा आला नाही. पण त्या दिवसापासून कोपऱ्यावरची कुत्री दिसली, की इरा काही न बोलता माझ्या आणि त्यांच्या मधून चालायला लागली.

दुसरी गोष्ट मंजुनाथअण्णांची. यांचा पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत नट-बोल्ट बनवायचा लहानसा कारखाना. भरघोस मिशी, आवाज मशीनवर मात करून करून चढलेला. थोरल्या भावाशी धंद्याच्या वाटणीवरून वाद चालू होता. आले तेच म्हणाले, ‘अक्का, न्याय म्हणजे काय ते मला स्वल्प शिकवा. कोर्टात बोलायचंय.’

‘शिकवते की,’ अक्का म्हणाल्या. ‘आधी तुमच्या भावाचं मांडा.’

अण्णा उठले, बूट घातले आणि निघून गेले. पुढचे कितीतरी रविवार आले नाहीत. आम्हाला वाटलं, गेला माणूस. मग एका रविवारी ते मागे येऊन बसले आणि म्हणाले, ‘तयारी झाली.’ अर्धा तास ते भाऊ होऊन बोलले. ‘मी थोरला. वडील गेले तेव्हा शाळा मी सोडली, धाकटा शिकला. त्याला पदवी मिळाली, मला मशीन मिळालं.’ इथे त्यांचा तो चढा आवाज एकदम बसला. शेवटी मिशी पुसून म्हणाले, ‘अक्का, ऐंशी टक्के त्याचं बरोबर आहे. पण वीस टक्के माझं आहे, तेवढ्यासाठी मी भांडणार.’

‘भांडा की,’ अक्का म्हणाल्या. ‘आता भांडण्यासारखं झालंय. पण सरी मी नाही म्हणणार. हे सगळं जाऊन भावाला ऐकवा.’ अण्णांनी ऐकवलं. कोर्टात कोणी गेलं नाही, आणि वीस टक्क्यांवरून दोघे भाऊ दर सणाला जेवणाच्या पानावर अजून भांडतात.

आता कर्णिक. कर्णिक म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, मूळचे मुंबईचे, अक्कांच्या अगदी समोरचं दार त्यांचं. घरात ते आणि त्यांचे म्हातारे वडील. माणूस वाईट नाही, पण नियमाला पक्का. पार्किंगमध्ये चाक रेघेवर आलं तरी फोटो काढून पाठवणार. त्यांनी वार्षिक सभेत विषय आणला: राहत्या घरात शिकवणी चालवायला बंदी करावी. जिन्यात परक्यांच्या चपला, लिफ्टला गर्दी, गेटवर अनोळखी माणसं, आणि रविवारी सकाळी वादावादीचा आवाज. टॅबवर बघत एकेक नियम त्यांनी वाचून दाखवला.

आम्ही तयारीत होतो. मी तर आठवडाभर जिभेला धार लावत होते. मतं आमच्या बाजूने होती, मी घरोघर जाऊन विचारून आले होते. अक्कांनी फक्त उभं राहून ‘मुलं शिकतात, चालू द्या’ एवढं म्हणायचं होतं. अक्का उभ्या राहिल्या, गळ्यातला चष्मा चाचपला, आणि म्हणाल्या, ‘मी आधी कर्णिकांचं मांडते.’

मी नवऱ्याला म्हटलं, ‘संपलं!’

अक्का म्हणाल्या, ‘चपला आणि लिफ्ट ही खरी अडचण नाही. कर्णिक सभ्य आहेत म्हणून तेवढंच बोलले. समजा, या बिल्डिंगमध्ये एक घर आहे, जिथे रात्रभर दिवा जळतो. तिथे एकाला झोप येत नाही आणि दुसऱ्याला त्याच्यासाठी जागावं लागतं. आठवडाभर हा दुसरा माणूस ऑफिसात जाऊन हसून बोलतो. रविवारची सकाळ, दोघांचे डोळे एकदम मिटतात ती तेवढीच वेळ. आणि नेमकी तेव्हा समोरच्या घरात पंधरा माणसं न्याय म्हणजे काय यावर ओरडतात. त्याने काय करावं? दया मागावी? त्यापेक्षा तो नियम वाचून दाखवेल. मी त्याच्या जागी असते, तर मीही नियमच वाचले असते.’

कर्णिकांच्या हातातला टॅब विझला होता, तरी ते त्याच्याकडेच बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले, ‘सरी.’ इतकी वर्षं इथे राहून त्या माणसाला कन्नड येत होतं ते बहुधा एवढंच.

आता अक्कांची पाळी. ‘याला माझ्याकडे उत्तर नाही,’ म्हणाल्या, आणि खाली बसल्या. भराभर हात वर झाले आणि अक्कांच्या वर्गावर, अक्कांच्याच भाषणामुळे, बंदी आली!

जिन्यात मी त्यांना गाठलं. ‘काहून केलंत हो असं? जिंकलेली सभा होती!’

‘नागपूर, उत्तरं चार होती माझ्याकडे,’ अक्का कठडा धरून पायऱ्या चढत होत्या. ‘त्यातलं खरं एकही नव्हतं.’

मला असा संताप आला होता म्हणून सांगू! आणि त्याच वेळी इतका अभिमान वाटत होता, की तिथेच जिन्यात वाकून त्यांना नमस्कार करावा. आयुष्यभर जे शिकवलं, ते स्वतःच्या घरावर येईल तेव्हाही तसंच करणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. संध्याकाळी त्यांनी स्वतः पेचकस घेऊन पाटी काढली आणि जुन्या साडीत गुंडाळून ठेवली.

मंजुनाथअण्णांना कळलं तेव्हा ते म्हणाले, ‘अक्का, रविवारी माझी मशीनं बंद असतात. शेड रिकामी आहे. तिथे या.’ पीण्या म्हणजे शहराचं दुसरं टोक. मेट्रोने जायचं, मॅजेस्टिकला चढ-उतर करून गाडी बदलायची, स्टेशनवरून पुन्हा रिक्षा. अक्का लोकरीच्या मोज्यांवर इराचे जुने खेळाचे बूट चढवून निघायच्या. तेलाचा वास, बंद लेथ, त्यांच्यामध्ये ती सतरंजी. पत्रिकावाले गृहस्थ दोनदा आले आणि मग यायचे थांबले. शाळेतली पोरं गळाली. अक्का परत आल्या की लिफ्टपर्यंत न जाता खालच्या बाकावर आधी बसून राहायच्या, गुडघे धरून. हे फार दिवस चालणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. वर्ग अक्कांच्या गुडघ्यांवर उभा होता आणि गुडघे संपत आले होते. त्या स्वतः मात्र एका शब्दाने कुरकुरल्या नाहीत.

इराला हे सहन होईना. आता ती आठवीत होती. एका रविवारी शेडमध्ये ती म्हणाली, ‘अक्का, तुमच्याकडे उत्तर नसेल. मी शोधते.’

‘शोध की. पण आधी कर्णिकांचं मांड.’

‘ते तुम्ही मांडलंय. ते सरी म्हणालेत.’

‘माझं उष्टं त्यांना वाढू नकोस,’ अक्का म्हणाल्या. ‘ताजं करून आण.’

मग आमच्या कन्येने जाऊन सरळ कर्णिकांची बेल दाबली. ‘काका, तुमचं म्हणणं मला नीट सांगा. मला रविवारी ते मांडायचंय.’ मग त्यांनी तिला आत बोलावलं. तासाभराने ती आली, तर डोळे लाल. मी गरम पोळी वाढली.

पुढच्या रविवारी वर्ग सुरू होतोय, तोच शेडच्या दारात कर्णिक! हेल्मेट हातात, ट्रॅफिकला शिव्या देत. अण्णांनी पुढे होऊन स्टूल पुसून दिलं. इरा उभी राहिली आणि तिने त्यांचं मांडलं. आजोबांना आता काळवेळ कळत नाही. रात्रभर ते घरात फिरतात. पहाटे त्यांना ऑफिसला जायचं असतं. नाश्ता झाला की दुपारपर्यंत गाढ झोपतात. संध्याकाळी पुन्हा जागे, आणि मग दार वाजवत राहतात. कर्णिककाका मित्रांना घरी बोलावत नाहीत, कारण आजोबा पाहुण्यांना साहेब समजून उभे राहतात. काकांना वर्गाचा राग नव्हता. समोर इतकी माणसं हसत-बोलत असतात आणि आपल्या घरी कोणी येत नाही, याचं त्यांना वाईट वाटायचं.

‘सरी,’ कर्णिक म्हणाले. या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

‘आता माझं,’ इरा म्हणाली. ‘आजोबा सकाळी झोपतात, म्हणून सकाळी वर्ग नको. संध्याकाळी ते जागे असतात आणि त्यांना बाहेर जायचं असतं, म्हणून वर्ग संध्याकाळी. चपला खाली ठेवू, वर जिन्याने येऊ. आणि दोन्ही दारं उघडी ठेवायची. आजोबांना ऑफिसला जायचं असेल, तर समोर यावं.’

मी अक्कांच्या बोटाकडे बघत होते. आता ते वर येणार, आता ‘स्वल्प थांब’ येणार. अक्कांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

‘सरी,’ अक्का म्हणाल्या.

अण्णांनी आनंदाने लेथवर थाप मारली. माझी अवस्था काय सांगू, पोटच्या पोरीला सोन्याचं पदक मिळालं असतं तरी इतकी छाती फुगली नसती. अक्का मात्र स्वतःवरच चिडल्या होत्या. ‘मी त्यांना इतकं वाढलं,’ परतताना मेट्रोत त्या म्हणत राहिल्या, ‘पण काय हवं-नको ते विचारलंच नाही बघ. ही कसली गं वाढपी?’ इरा त्यांची पिशवी मांडीवर घेऊन हसत होती.

पुढच्या बैठकीत ठराव कर्णिकांनीच बदलून घेतला, अर्थातच टॅबवरून नियम वाचून. पाटी पुन्हा लागली.

अक्का जाऊन आता वर्ष होत आलं. दुपारी झोपल्या त्या झोपेतच गेल्या, कुणाला एक हाक न मारता. पाटी अजून आहे, आणि वर्गही आहे. ती एम.ए.ची मुलगी आता शिकवते, आणि शाळेतल्या पोरांना आमची इरा. ओळखीचं कोणी बंगळूरला आलं की मी त्यांना आधी तिसऱ्या मजल्यावर नेऊन पाटी दाखवते. पण मला स्वतःला अक्का आठवतात त्या शेवटच्या एका रविवारच्या.

मी इराला जेवायला बोलवायला खाली गेले होते. दोन्ही दारं उघडी होती. सतरंजी भरलेली, आणि कर्णिकांचे वडील भिंतीपाशी खुर्चीत, स्वेटर घालून, केस चापूनचोपून बसवलेले. एकाएकी ते उठले. ‘मला उशीर झालाय,’ म्हणाले आणि दाराकडे निघाले.

कर्णिक धावले. ‘बाबा, तुम्ही रिटायर झालात, किती वेळा सांगू?’

अक्कांनी बोट वर केलं. ‘स्वल्प थांबा.’ मग त्या म्हाताऱ्याकडे वळल्या. ‘तुमचं म्हणणं असं आहे. आज कामाचा दिवस आहे. साहेब कडक आहेत. डबा अजून भरलेला नाही. तुम्ही उभ्या आयुष्यात कधी उशिरा गेला नाहीत, आणि आज ही सगळी माणसं तुम्हाला अडवताहेत, कारण सांगत नाहीत. तुमचं कोणी ऐकतच नाही. बरोबर?’

म्हाताऱ्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. ‘हो ना,’ तो म्हणाला. ‘अगदी बरोबर.’ आणि येऊन खुर्चीत बसला.

आता अक्कांची पाळी होती. नियम सगळ्यांना माहीत होता. इरा, अण्णा, कर्णिक, सगळा वर्ग त्यांच्या तोंडाकडे बघत होता. या वेळी त्यांच्याकडे उत्तर होतं, आणि तेही खरं.

अक्कांनी कॉफी ओतली आणि पेला म्हाताऱ्याच्या हातात दिला.

‘गरम आहे,’ म्हणाल्या. ‘सावकाश प्या.’